समुद्रकिनाऱ्यावरचे पुल्लिंग

आदंबाक्कम, चेन्नई
शनिवार, सकाळ

तीर्थस्वरूप विमलामावशींच्या चरणी प्राचीचा साष्टांग नमस्कार, उजवा कान तेवढा वगळून (तो का वगळावा लागला ते पुढे ओघाने येईल).

पत्रास कारण असे विशेष नाही. तुमचा गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो का, हे विचारावे. शेवग्याला या वर्षी शेंगा धरल्या का, हे विचारावे. आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर वाचू नये असे डॉक्टरांनी बजावले असताना तुम्ही तिसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या पेनाने दुरुस्त करीत होतात असे आईने कळवले, त्याबद्दल आदरपूर्वक नापसंती नोंदवावी, एवढाच हेतू. हे पत्रही तुम्ही तेच पेन हाती धरून वाचणार, हे गृहीत धरून मी सगळे अनुस्वार दोनदा तपासले आहेत. फोन का केला नाहीस असे तुम्ही विचाराल. फोनवर मी 'हो', 'नाही', 'बरं' आणि 'ठेवते' या चार शब्दांपलीकडे जात नाही हे तुम्ही जाणताच, आणि मला जे सांगायचे आहे ते या चार शब्दांत बसणारे नाही.

तुम्हांला एवढे ठाऊक आहे, की आकाशात विमानांना वाट नेमून देणारे जे नियंत्रक असतात, त्यांच्या भरतीची लेखी परीक्षा मी दिली आणि उत्तीर्ण झाले. तुम्हांला ठाऊक नाही ते असे, की तिच्यापुढे आणखी एक परीक्षा असते. तिला आवाजाची परीक्षा म्हणतात. परीक्षकांपुढे बसून इंग्रजीत वाचायचे, बोलायचे, आणि तुमचा आवाज अडखळतो का, कापतो का, मुळात ऐकू येतो का, हे ते पाहतात. अर्ज भरताना मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण लेखीतच माझी दांडी उडेल असा मला पूर्ण भरवसा होता (अभ्यासाने दगा देण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ). बाबांना लेखीचे गुण ठाऊक आहेत, पुढचे काही नाही. गुण ऐकून ते म्हणाले, "छान, आता तो कागद फायलीत लाव." गिंडीच्या केंद्र सरकारी कचेरीत ज्या मुलीला कायमचे टेबल आणि स्वतंत्र पंखा मिळाला आहे, तिने आणखी काही मागणे त्यांना देवापुढे दुसऱ्यांदा हात पसरल्यासारखे वाटते. पुढचे कळले तर ते काय म्हणतील तेही मला पाठ आहे: "बसमध्ये 'थांबवा' म्हणता आले नाही म्हणून जी डेपोपर्यंत गेली, ती विमाने थांबवणार?" (ती घटना सत्य आहे. डेपोतल्या लोकांनी मला चहा दिला.) आणि तुम्ही तर आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षक होतात. मी व्यासपीठावर तीन मिनिटे एकही शब्द न बोलता उभी राहिले, आणि तुम्ही 'विरामचिन्हांचा परिणामकारक वापर' असा शेरा मारून मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलेत. तेव्हा आवाजाच्या परीक्षेला जाऊ नये, असे गेल्या आठवड्यापर्यंत माझे जवळजवळ ठरले होते. त्यानंतर गुरुवार आला, आणि हे पत्र वस्तुतः त्या गुरुवारचे आहे.

पण गुरुवारआधी तुळजाजींची ओळख करून द्यायला हवी. ते माझे घरमालक; वय अठ्ठ्याहत्तर. तंजावरकडचे मराठी. चाळीस वर्षे त्यांनी गिंडीतल्या एका लहानशा कारखान्यात बिनतारी यंत्रे दुरुस्त केली. त्यांची मराठी कित्येक पिढ्यांमागे दक्षिणेत उतरली आणि परत गेलीच नाही, त्यामुळे ती एका अंगाने बखरीसारखी आणि दुसऱ्या अंगाने तमिळसारखी ऐकू येते. 'ऐक' ते 'आइक' म्हणतात, 'मोठ्याने बोल' याला 'उंच बोल' म्हणतात, आणि शाळेत ते तमिळ शिकले असल्यामुळे मराठी लिहितातही तमिळ अक्षरांत. गंमत अशी, की मला त्यांची मराठी अधिक अस्सल वाटते आणि त्यांना माझी अधिक शुद्ध. माझ्या तोंडून एखादा अपरिचित शब्द निघाला की ते तो 'महाराष्ट्रातला खरा शब्द' म्हणून मुकाट्याने टिपून घेतात. (या नम्रतेचे काय झाले ते पुढे दिसेल.)

तुळजाजींकडे एक स्कॅनर आहे. म्हणजे साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढी काळी पेटी, वर हातभर तार. विमानांची बोलणी ज्या लहरींवरून चालतात त्यांवरून ती टुणटुण उड्या मारीत जाते, आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबते. तिला फक्त ऐकता येते. बोलण्याची सोयच तिच्यात नाही. तिच्याबद्दल मला पहिल्या दिवसापासून जी माया वाटली ती बहुधा यामुळेच. कायद्याचे काय, असे मी तुळजाजींना तीनदा विचारले. त्यांनी भिंतीवर चौकटीत लावलेला हौशी रेडिओचा परवाना दाखवला आणि आपला नियम सांगितला: कानात पडले तें वहीत जावें, बाजारात जाऊ नये. (म्हणून या पत्रात तुम्हांला एकाही लहरीचा आकडा आढळणार नाही. नियमाचा उत्तरार्ध आम्ही कसा पाळला, त्याविषयी मात्र क्षमा असावी.)

आमची गच्ची विमानतळाच्या वाटेवर आहे. तिथे संध्याकाळी बसून मी महिनाभर ऐकत होते, आणि मावशी, एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती ती तुम्हांला सांगते. छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात माझ्या 'थ्री'तल्या 'थ'ला सगळा वर्ग हसत असे. तो म्हणे इतका भरघोस होता की पुढच्या बाकावरच्या वह्यांची पाने उलटत. त्यानंतर मी इंग्रजीत तीन हा आकडा येईल असे एकही वाक्य बोलले नाही (दोन अधिक एक असा वळसा घेऊन तीन वर्षे काढली). आणि इथे कळले की जगभरच्या विमानांसाठी नियमच असा आहे, की तीनला 'ट्री' म्हणावे, पाचाला 'फाइफ', नवाला 'नायनर'. कोणाचाही उच्चार कसाही असो, आकडा चुकू नये, म्हणून इंग्रजीनेच स्वतःचा 'थ' सोडून दिला आहे. ते ऐकून मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला हळूच 'ट्री' म्हणून दाखवले.

आता गुरुवार. समुद्रकिनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती व्हायच्या होत्या आणि त्यांचा आधीचा सराव गुरुवारी होता. तुळजाजींनी आजवर असा एकही सराव चुकवलेला नाही. परंतु त्यांचा डावा कान पूर्वीच निवृत्त झाला आहे आणि उजवा अलीकडे फक्त सणावारी चालतो. तेव्हा बुधवारी त्यांनी मला समोर बसवून सांगितले, "यंदा कान तू हो गे. मी लिहितों." म्हणजे पेटीची वायर माझ्या कानात, मी ऐकायचे आणि त्यांना सांगायचे, ते वहीत वेळेसकट उतरवणार. मी 'बरं' म्हणाले (वरील चार शब्दांपैकी तिसरा). कचेरीत नैमित्तिक रजेचा अर्ज दिला, कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिले, आणि हेडक्लार्कनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिले की मी पळून लग्न करायला निघाले आहे असा त्यांचा समज झाला असावा.

तुळजाजींची सून कामाक्षीअक्काही आमच्याबरोबर आली. ती कुंभकोणमची, सासरची मराठी तिला सगळी समजते पण बोलते तमिळ. तिने दहीभाताचा डबा, लिंबाचे सरबत, दोन छत्र्या आणि सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची एवढा सरंजाम घेतला होता. वाळू तव्यासारखी तापली होती. सरावाचा दिवस असल्यामुळे गर्दी बेताची होती: काही कुटुंबे, सुंडल म्हणजे उकडलेले चणे विकणारे, भाजलेली कणसे विकणाऱ्या दोन बायका, आणि आमच्या शेजारीच एक फुगेवाला, ज्याच्या मुठीत लाल-पिवळ्या फुग्यांचा भला मोठा घोस होता.

प्रथम कानात नुसती खरखर होती. मग एक शांत पुरुषी आवाज आला आणि त्याने काहीतरी नाव घेतले. लगेच दुसरा आवाज म्हणाला, "टू." तिसरा म्हणाला, "ट्री." मग फोर, फाइफ, अशी नायनरपर्यंत हजेरी झाली. प्रत्येकाचा आवाज वेगळा, एक जरा खोकला झालेला. आकाशात मला काहीही दिसत नव्हते. समुद्र, ऊन, एक कावळा. आणि माझ्या कानात नऊ माणसे हजर होती. मी ते तुळजाजींना सांगितले. त्यांना ऐकू गेले नाही. "उंच बोल," ते म्हणाले. मी उंच बोलले. "अजून उंच." शेवटी मी अशा आवाजात 'नऊ जण आले आहेत, दक्षिणेकडून येत आहेत' असे म्हणाले की तो आवाज कोणाचा म्हणून मी स्वतःच मागे वळून पाहिले.

दुर्दैवाने इतरांनीही पाहिले. पलीकडच्या एका बाईंनी कामाक्षीअक्काला विचारले, ही पोरगी काय सांगते आहे. अक्काने तमिळमध्ये सांगितले. सगळ्यांनी दक्षिणेकडे माना वळवल्या, आणि पाचच सेकंदांत, अगदी नेमकी तिकडूनच, नऊ विमाने समुद्रावरून आली.

मावशी, पुढच्या घटकाभरात काय झाले ते मला नीट क्रमाने सांगता येईल की नाही याची शंका आहे. एवढे सांगते, की आधी कानात आवाज येई. मग विमान दिसे. आणि ते डोक्यावरून पार गेल्यावर मग त्याचा गडगडाट छातीवर येऊन आदळे. आधी शब्द, मग रूप, आणि सर्वांत शेवटी नाद. प्रकाशाचा वेग आणि ध्वनीचा वेग मी शिकले आहे; त्यांवरची उदाहरणे सोडवून पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. परंतु ती उदाहरणे खरी असतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. नऊ विमाने पंखाला पंख लावून येतात आणि त्यांच्यामध्ये एकच आवाज चाललेला असतो, देवघरात पोथी वाचावी तसा सपाट, संथ, आणि त्या आवाजाच्या एका शब्दावर नवांचे अठराही पंख एकदम कलतात. त्या साऱ्या वेळात मला एकही विशेषण ऐकू आले नाही. क्रियाविशेषण नाही. 'जरा', 'बहुतेक', 'म्हणजे', काही नाही. तुम्ही निबंधातून जे जन्मभर काढून टाकायला सांगत होतात, ते सगळे काढून टाकलेली भाषा मी प्रथमच ऐकली, आणि ती इंग्रजी असूनही मला समजत होती.

म्हणजे, समजते आहे असे वाटत होते. कारण मग तो शब्द आला. विमाने समोरून येत असताना त्या आवाजाने शांतपणे म्हटले, "पुल्लिंग." आणि नऊही विमाने नाक वर करून उभ्या आकाशात चढू लागली.

मी एक क्षण गोंधळले. पण कानांनी ऐकलेले सांगायचे एवढेच माझे काम होते. मी ओरडले, "पुल्लिंग." तुळजाजींनी वही गुडघ्यावर ठेवून विचारले, "तें काय गे?" आता व्याकरणात विभागात पहिली आलेल्या मुलीला पुल्लिंग म्हणजे काय असे विचारल्यावर ती गप्प कशी बसेल? भर किनाऱ्यावर, वाऱ्याविरुद्ध, मी घसा ताणून सांगितले की नामाला लिंग असते. तो घोडा, ती गाडी, ते विमान. विमान खरे तर नपुंसकलिंगी, पण हवाई दलात वर चढताना त्याला पुल्लिंगी मानत असावेत, असा काही संकेत असेल. वाऱ्यामुळे तुळजाजींपर्यंत त्यातले बहुधा 'वर चढताना' एवढेच पोहोचले. त्यांनी मान डोलावली आणि टिपून घेतले. कामाक्षीअक्काने मात्र सगळे ऐकले होते, आणि तिने ते लोकांना तमिळमध्ये इमानेइतबारे सांगितले: "आण्पाल्."

त्यानंतर तो शब्द सारखा येऊ लागला. मी 'पुल्लिंग' म्हणायची, अक्का 'आण्पाल्' म्हणायची, आणि विमाने वर जायची. चौथ्या वेळेपासून अक्काची गरज उरली नाही. माझे तोंड उघडताच आजूबाजूचे शे-दीडशे लोक एका सुरात "आण्पाल्" म्हणून हात वर करू लागले. पांढऱ्या वेष्टीतले, म्हणजे इकडच्या धोतरातले, एक गृहस्थ, निवृत्त तमिळ शिक्षक, पुढे आले आणि त्यांनी हरकत नोंदवली की विमान ही निर्जीव वस्तू, तमिळ व्याकरणाने तिला पुरुषाचे लिंग देणे सर्वस्वी चूक आहे. (मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. परमुलखात इतक्या पोटतिडकीने लिंगविचार करणारे माणूस प्रथमच भेटले.) कणसे विकणाऱ्या बाईंनी त्यांना बाजूला सारून मला विचारले, "पेण्पाल् एप्पो वरुम्?" म्हणजे स्त्रीलिंग केव्हा येणार. मी कानातली वायर दाबून धरीत गंभीरपणे उत्तर दिले की अद्याप आलेले नाही, आले की सांगते.

एव्हाना लोक मला 'रेडिओ अम्मा' म्हणू लागले होते, आणि मी वैमानिकांशी बोलते आहे असा सर्वांचा दृढ समज झाला होता. एकाने, जरा खाली यायला सांगा, अशी विनंती केली. एका आजीबाईंनी, त्या मुलांनी दुपारचे जेवण केले आहे का, असे विचारायला लावले. या पेटीला तोंड नाही, हे मी परोपरीने सांगत होते. आणि मावशी, हे सांगताना आपण स्वतः किती मोठ्याने बोलत आहोत, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मग आणखी एक पुल्लिंग आले. अकरावे की बारावे, ते तुळजाजींच्या वहीत आहे. मी ओरडले, सगळे ओरडले, सगळ्यांचे हात वर गेले, आणि फुगेवाल्याचाही गेला. तोच हात, ज्यात दोरे होते. सबंध घोस मुठीतून सुटला आणि विमानांच्या वाटेकडे संथपणे चढू लागला.

पहिला क्षण सगळे हसले. मग कोणीच हसेना.

आणि माझ्या कानात एका बाईचा आवाज आला. आतापर्यंत ती बोलली नव्हती. कुठेतरी जमिनीवर बसून ती सारे पाहत असावी. तिने इंग्रजीत तीनदा म्हटले: थांबा, थांबा, थांबा. आवाज चढलेला नव्हता. कापत नव्हता. फुगे, प्रेक्षकांच्या रेषेवर, असे काहीसे ती म्हणाली. मधेच खरखर झाली, आणि त्या नवांच्या म्होरक्याने म्हटले की पुन्हा सांगा. मावशी, त्याने इतक्या सहज विचारले. एवढ्या वेगात, आठ विमाने पंखाशी असताना, 'मला ऐकू आले नाही' असे सगळ्यांदेखत म्हणायला त्याला काहीही वाटले नाही. आणि तिने पुन्हा सांगितले, तेच शब्द, त्याच क्रमाने, कंटाळा नाही, टोमणा नाही. मग त्याने ते सारे तिला जसेच्या तसे म्हणून दाखवले, आणि ती म्हणाली की बरोबर. नऊ विमाने समुद्राकडे वळून ठिपक्यांएवढी झाली. कोणी कोणाला हसले नाही.

तिचे इंग्रजी पुस्तकातल्या मडमेचे नव्हते. ते आपल्याकडच्या कोणत्याही गावच्या, कोणत्याही शाळेतल्या बाईचे होते. शब्द एकेक सुटा, शिधा मापून द्यावा तसा.

तुळजाजी माझा दंड हलवून विचारीत होते, "काय बोलतात गे? बोल की." मला बोलता येईना. आकाशातली नऊ विमाने माझ्या ओरडण्यामुळे परत गेली, हे एक. आणि तो आवाज, हे दुसरे. फुगेवाला हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला आणि अक्कामार्फत विचारू लागला, ते रागावले आहेत का, पोलीस येणार का. सगळे लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते. आठवीतल्या त्या व्यासपीठावर होती तशीच शांतता होती, फक्त श्रोते अधिक आणि परीक्षक अनुपस्थित. आणि मी बोलले. सुटे सुटे बोलले. कोणी रागावलेले नाही. फुगे वाऱ्याने शहराकडे चालले आहेत. त्या बाई फुग्यांवर नजर ठेवून आहेत. विमाने समुद्रावर थांबली आहेत. परत येतील. अक्काने एकेक वाक्य तमिळमध्ये केले, आणि लोक, मावशी, खाली बसले. माझ्या सांगण्यावरून दीडशे माणसे वाळूत बसली.

चार मिनिटांनी त्या बाईंनी मार्ग मोकळा असल्याचे सांगितले. मी म्हणाले, "येत आहेत, डावीकडून." आणि ती आली. कणसेवाल्या बाईंना आता सांगायला हवे होते, की तुम्ही विचारीत होता ते मघाशीच येऊन गेले. पण ते मला तेव्हा सुचले नाही.

इथेच पत्र संपवता आले असते तर फार बरे झाले असते. परंतु संध्याकाळी घरी आल्यावर कामाक्षीअक्काची मुलगी रंजनी कॉलेजातून आली (ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिचे इंग्रजी पाण्यासारखे आहे) आणि तिने आजोबांची वही उघडली. थोड्या वेळाने तिने मला विचारले, "अक्का, हे बारा वेळा 'पुल्लिंग' काय लिहिलंय?" मी समजावून सांगू लागले. तिने मला मध्येच थांबवले. म्हणाली, "पुलिंग, अक्का. पुल, पुलिंग. दांडा ओढतोय म्हणून सांगतात. ओढला की विमान वर जातं." आणि मग ती फ्रीजला धरून इतकी हसली की वरचे भांडे खाली आले.

मी खोलीत जाऊन दार लावून घेतले. पुलिंग. ओढणे. सहा वर्षांचे मूल ओळखील असा शब्द, आणि मी त्याचे लिंगप्रकरण करून दीडशे लोकांना शिकवून आले. तमिळ व्याकरणाचेही नुकसान केले. आणि मला आवाजाची परीक्षा द्यायची आहे. बरे, बाहेर येऊन मी तुळजाजींना म्हणाले की तेवढे खोडून 'पुलिंग' करा, तर ते म्हणाले, "चाळीस वर्षांत वहीत खोड नाही गे." मी म्हणाले, पण शब्द चुकला. ते म्हणाले, "विमान चुकलें काय?" हे खरे आहे, की शब्द बाराही वेळा चुकला आणि बाराही वेळा लोकांनी वर पाहिले तेव्हा विमान वरच चालले होते. परंतु परीक्षक काही तुळजाजी नसतात. एक शब्द चुकीचा ऐकला तर खऱ्या आकाशात काय होईल, हा विचार मनात आला की मी परीक्षेचा कागद पुन्हा फायलीत लावून टाकते. आणि त्या बाईंचा आवाज आठवला की मला काहीतरी होते, ज्याला मराठीत नेमका शब्द मला सापडलेला नाही. तुम्हांला सापडल्यास कळवावा.

कानाचे विचाराल तर पाऊण तास वायर आत खुपसून धरल्यामुळे तो सुजला आहे. अक्का खोबरेल तेल कोमट करून लावते. काळजी नसावी. आईबाबांना यातले फक्त विमानांचे सांगावे. शेवग्याच्या शेंगा जून होऊ देऊ नयेत.

तुमची,
प्राची

ता. क. पत्रास कारण विशेष नाही असे वर लिहिले आहे, ते खोटे आहे. मला एवढेच विचारायचे आहे, की मी त्या परीक्षेला जावे की जाऊ नये. तुम्ही माझे लेखनही तपासले आहे आणि माझे मौनही, तेव्हा तुमच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही. एका शब्दात उत्तर पाठवले तरी चालेल. 'जा' असेल तर बाबांना तुम्हीच सांगावे. घरात फक्त तुमचेच बोलणे ते खाली मान घालून ऐकतात.

ता. क. दुसरा. हे टपाल कचेरीतल्या बाकावर बसून लिहीत आहे. परीक्षा परवा सोमवारी सकाळी दहाला आहे. खिडकीतल्या बाईंनी, स्पीड पोस्ट ना, असे दोनदा विचारले. मी म्हणाले, साधे. त्या म्हणाल्या, अंबाजोगाईला पोचायला आठवडा लागेल. मी म्हणाले, मला ठाऊक आहे. मावशी, रागावू नका. न सांगता गेले असे व्हायला नको होते, म्हणून लिहिले. आणि तुमचे उत्तर काय येईल याची मला त्या परीक्षकांहून अधिक भीती वाटते, म्हणून ते निघण्यापूर्वीच मी जाऊन येते.